बोरीकाठची जास्तीची कोप

तमाम वाचकांना जाहीर नोटीस! मी, वय वर्षे त्रेपन्न, पूर्ण शुद्धीत आणि भरल्या पोटी (हे पोट लक्षात ठेवा) कळवतो की माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. माझा शाळेपासूनचा मित्र प्रभाकर, म्हणजे प्रभ्या, विज्ञानाचा शिक्षक. आम्ही दोघांनी पंचवीस वर्षं गावोगाव फिरून बुवाबाजीच्या युक्त्या उघड्या पाडल्यात. तरीही...

गेल्या येळवशीला आम्ही पुण्याहून नळदुर्गला गेलो. किल्ला, बोरी नदी, पक्षी आणि अर्थात येळवस! मार्गशीर्षातल्या या अमावस्येला इकडे अख्खं गाव शेतात जेवतं. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभं करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली की वाटसरूलाही हाक मारून वाढतात. आमचे यजमान शिवलिंगअप्पा. त्यांच्या शेतावर एक वाजता पोचायचं होतं.

नदीकाठानं चालत निघालो. प्रभ्याच्या गळ्यात दुर्बीण. भर बाराला, पाण्यातल्या एका काळ्या खडकासमोर, काठावर एक कोप दिसली... बाहेर हिरव्या लुगड्यातली म्हातारी.

"कुठं चाललाव? जेवून जावा की!"

"आजी, पुढं जेवणाला बोलावलंय."

"मग काय झालं? येळवशीला न्हाय म्हनत नसत्यात."

बसलो. डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. प्रभ्यानं तीन पेले रिचवले. म्हातारी हसली, "ह्या पाव्हण्याला लई तहान!"

अप्पांकडे पोचलो, तर अप्पा आमच्यासाठी उपाशी! पंगत मांडलेली. माझ्या घशाखाली घास उतरेना. अप्पांचा चेहरा पडला.

"का ओ सर, आमच्या घरचं चालंना व्हय तुमाला?"

मी घाईघाईनं खरं ते सांगितलं. अप्पांनी नदीकडं बघितलं. "तिकडं नुस्त्या बाभळी हायत. काठाची शेवटची कोप आमचीच. चला, दावा."

प्रभ्याचे पाय अचानक दुखायला लागले. मी आणि अप्पाच गेलो. दहा मिनिटांची वाट. तोच काठ, पाण्यातला तोच काळा खडक... आणि कोप नाही. चूल नाही, राख नाही, दबलेलं गवतसुद्धा नाही. काटेरी बाभळीत मांजर बसायला जागा नव्हती.

परत आपल्या कोपीपाशी आल्यावर अप्पा म्हणाले, "जेवायचं नसंल तर न्हाय म्हना, सर. असली कथा कशाला?"

"प्रभ्या, अरे सांग ना यांना!"

प्रभ्या मांडी घालून उंडा मोडत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अप्पा, याला ऊन लागलंय. आम्ही वाटेत कुठंच थांबलो नाही."

चाळीस वर्षांची दोस्ती, वाचकहो! अप्पांनी माझ्यासमोरचं ताट उचललं. असा अपमान माझ्या हातून उभ्या जन्मात कुणाचा झाला नव्हता... आणि इथंही मी केला नव्हता!

ती कोप कुठून आली नि कुठं गेली, मला आजही सांगता येत नाही. म्हातारीवर माझा राग नाही, तिनं पोटभर वाढलं. राग प्रभ्यावर. जन्मभर लोकांकडे पुरावा मागणारा हा माणूस पुरावा पोटात घेऊन, ढेकर दाबत बसला होता!

तेवढ्यात अप्पांच्या बायकोनं आग्रहानं त्याचा पेला आंबिलीनं भरला. प्रभ्यानं एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली, आणि अख्ख्या पंगतीसमोर बोलून गेला, "वहिनी, त्या म्हातारीची यापेक्षा आंबट होती!"