बदनापूरमार्गे कराची

फसली १३४७, इस्फंदार महिन्याची नववी तारीख, सकाळचे सव्वासात. जालना स्टेशनसमोरच्या मुसाफिरखान्याच्या अंगणात मास्टर गुडघ्यांवर बसून खडूने जहाज आखत होते.

मास्टर म्हणजे आमच्या दवाखान्याशेजारचे दर्जी. गळ्यात फीत, कानावर कापडाचा चपटा खडू. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. तरी आसपासच्या तालुक्यांतून हजला निघालेला माणूस त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मुंबईची गाडी पकडत नसे. त्याला ऐकावे लागणारे पहिले वाक्य ठरलेले होते : "समंदर नंतर. आधी कागद."

यात्रेकरूंच्या जहाजावर माणशी सोळा चौरस फूट जागा, असा नियम होता. मास्टर ती जागा फितीने मोजून जमिनीवर आखत आणि प्रत्येकाला सामानासकट तीत निजवून पाहत. रेषेबाहेर गेलेली वस्तू घरी परत जाई. एकदा अंबडच्या एका बागवानाने हंडा, परात आणि पाटा-वरवंटाही आणला. मास्टरांनी पाटा रेषेबाहेर सरकवला.

"मंग चटणी कशावर वाटू, मास्टर?"

"पाटा छातीवर घेऊन झोपा. भूक लागली की बसल्या जागी वाटा."

पाटा अंबडला परतला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी असा एक माणूस असतो, जो इतरांना पोचवतो आणि स्वतः तिथेच राहतो. मी एकदा विचारले होते, "आपण केव्हा जाणार?" त्यांनी सुई ओवता ओवता उत्तर दिले, "मी गेलो तर कागद कोन बघंल?"

मी दवाखान्यात कारकून होतो. कॉलऱ्याची लस टोचल्याचा दाखला मी लिहायचा आणि डॉक्टरांनी त्यावर सही-शिक्का करायचा. त्या दाखल्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नसे. त्या टेबलावर मी त्याच वर्षी आलो होतो.

त्या सकाळी मनमाडकडून आलेल्या गाडीने भोकरदनची एक वृद्ध विधवा आणि तिचा धाकटा भाऊ उतरले. काही दिवसांपूर्वी याच अंगणातून आम्ही त्यांना हार घालून निरोप दिला होता. मास्टर खडू हातात घेऊनच उभे राहिले.

"खाला, तुम्ही? आन जहाज?"

"गेलं बाबा. आमाला न्हाई घेतलं."

भावाने दाखले पुढे केले. बंदरावरच्या डॉक्टरने दोन्हींवर तांबड्या शाईत इंग्रजीतून लिहिले होते, ते मी वाचले. तारीख समजत नाही. लस केव्हाची ते ठरवता येत नाही.

अक्षर माझे होते. मी बहमन महिन्यातली फसली तारीख लिहिली होती, आणि तेवढीच. निजामाच्या राज्यात कचेरी, शाळा, कोर्ट, सर्व काही फसली तारखेवर चाले. इंग्रजांच्या बंदरात तिला अर्थ नव्हता. माझ्या आधीचा कारकून शेजारी इंग्रजी तारीख लिहीत असे. मला ते कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

मास्टर रागावले नाहीत. दाखले उन्हाकडे धरून त्यांनी पुन्हा पाहिले.

"मीबी बघितले व्हते, मुन्शीजी. रोजची तारीख. नजर अडलीच न्हाई."

"पुढच्या साली जाऊ, आपा," भाऊ बहिणीला म्हणाला.

"तू जा पुढच्या साली. मला आधी कबरस्तानात पोचवून जा."

मास्टरांनी जहाजांचे वेळापत्रक उलगडले. मुंबईचे पुढचे जहाज भरलेले होते. त्यानंतरचे हजच्या दिवसाआधी पोचेल याची खात्री नव्हती. त्यांचे बोट कराचीवर थांबले. तिथले जहाज सहा दिवसांनी सुटणार होते आणि तिथून समुद्राचा रस्ताही कमी होता.

"पन तिकीट मुंबईचं हाय," भाऊ म्हणाला.

"तिकिटाची मागची बाजू वाचली का?"

त्यांनी तिकीट माझ्या हाती दिले. बारीक अक्षरांत छापले होते, की जागा असल्यास त्याच कंपनीच्या कराचीच्या जहाजावरही ते चालेल. मास्टरांना हे पाठ होते. तरीही त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

राहिला दाखल्यांचा प्रश्न. डॉक्टर बदनापूरला दौऱ्यावर होते. मी म्हणालो, "अर्ज द्या. डॉक्टर परवा आले की नवे दाखले देता येतील."

"कराचीला चार दिवस. पाचव्या दिवशी बंदरावर तपासणी. परवा कुठं बसवता, मुन्शीजी?"

भाऊ हलकेच म्हणाला, "शिक्का दवाखान्यात असंल ना? सही काय, कुनीबी करंल."

मी खिशातल्या, शिक्क्याच्या कपाटाच्या किल्लीला हात लावला, हे लिहून ठेवणे भाग आहे. मास्टरांनी ते पाहिले.

"हात काढा. खोट्या कागदावर धाडायचं असतं तर इतकी वर्षं खडू कशाला झिजवला असता? डॉक्टरसाहेबांना तार करा. दुपारची गाडी बदनापूरवरूनच जाती."

आम्ही चौघे साडेबाराच्या गाडीत बसलो. टोचणीचे रजिस्टर आणि कपाटातला शिक्का मी सोबत घेतले होते. डब्यात मांडीवर मी नवे दाखले लिहिले, दोन्ही तारखांसह. मास्टर एकेक अक्षर पाहत होते. या वेळी त्यांनी इंग्रजी आकडेही मला मोठ्याने म्हणायला लावले.

बदनापूरला गाडी फार थोडा वेळ थांबे. डॉक्टर फलाटावर पेन काढून उभे होते. त्यांनी रजिस्टर उघडून तारखा ताडून पाहिल्या. टेबल नव्हते. मास्टरांनी पाठ वाकवली.

"हलू नका, मास्टर."

"हलत न्हाई साहेब. तुमी जल्दी करा. हितं म्हाताऱ्याची कंबर चालली."

शिट्टी झाली. दुसरा शिक्का उमटला तेव्हा डबा हलला होता. मास्टर गाडीबरोबर धावले आणि त्यांनी दाखले खिडकीतून आत दिले. म्हातारीला आभार मानायला वेळ मिळाला नाही.

ती पोचली. कराचीहून भावाचे कार्ड आले : जहाज मिळाले. दहा वर्षांनी ते बंदर परदेशात गेले आणि पुढे आमच्या फसली तारखाही सुटल्या. मास्टर त्याआधीच वारले होते. मुसाफिरखान्याच्या अंगणात पुन्हा कोणी जहाज आखले नाही.

तो दिवस मात्र फलाटावर संपला नाही. संध्याकाळी टांग्याने जालन्यात परतल्यावर मास्टर घरी गेले नाहीत. पुढल्या जहाजाने निघणाऱ्यांच्या घरोघर जाऊन त्यांनी माझ्या हातचे सर्व दाखले गोळा केले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"चूक माझी होती, मास्टर."

"माहीत हाय. निम्मी माझी. आता नवे लिहा. परवा साहेब आले की सह्या."

मी दौत पुढे ओढली. ती कोरडी होती. मास्टरांनी ती उचलून बाहेर नेली, स्वच्छ विसळली, शाईची पुडी फोडून पाणी घातले, काडीने ढवळली आणि माझ्या उजव्या हाताशी आणून ठेवली.