सावळीरामच्या खुंट्या

रंगभूमीवर मी जेवढे राजवाडे भोगले, ते सगळे सावळीरामने बांधलेले होते. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातला हा माणूस आमच्या नाटक कंपनीत सुतार म्हणून आला आणि कंपनी बंद पडेपर्यंत राहिला. संध्याकाळी तो महाल उभा करायचा आणि रात्री मी त्यात सिंहासनावर बसायचो. पडदा पडल्यावर मी मुकुट उतरवून तोंड धुवेपर्यंत त्याने महाल मोडून ट्रकमध्ये भरलेला असायचा. आज सटाणा, उद्या नांदगाव.

त्यामुळे त्याचे सगळे जोड खुंटीचे. एका लाकडाच्या खाचेत दुसरं लाकूड बसवायचं, आरपार लाकडी खुंटी ठोकायची आणि तिचं डोकं मागच्या बाजूला अर्धं बोट बाहेर ठेवायचं. मोडताना त्या डोक्याला आजूबाजूने लाकडी मोगरीने दोन ठोके दिले की खुंटी निघून हातात. प्रेक्षकांना समोरून संगमरवर दिसे. मागून तो महाल साळिंदरासारखा दिसायचा.

तो अजून मला महाराज म्हणतो. त्याची बायको कलाबाई फुलबाजारात शेवंती विकते. तिचं एक बोलणं त्याला आयुष्यभर टोचत आलंय. चहा देता देता ती हसून म्हणते, "आख्ख्या जिल्ह्यात महाल बांधले यांनी. एक दाखवा म्हनावं, उभा असलेला." तो कप खाली ठेवतो आणि अंगणात बघत बसतो.

म्हणून तर या वयात त्याने यज्ञेश्वरगुरुजींच्या मोटारीची दुरुस्ती अंगावर घेतली. गुरुजी पंचवटीतले, पिढीजात तीर्थोपाध्याय. त्यांच्या आजोबांना कुण्या संस्थानिक यजमानाने दक्षिणा म्हणून ही मोटार दिलेली. लोकांना गाय मिळते, आम्हाला पेट्रोल पिणारी मिळाली, असं गुरुजी स्वतःच सांगतात. त्या काळच्या मोटारीचा सांगाडा लाकडी असे आणि वरून पत्रा ठोकलेला. मखमलाबादजवळच्या एका शेडमध्ये ती वर्षानुवर्षं पडून होती. इंजिन सिन्नरच्या मेकॅनिकने चालू केलं, पण सांगाड्याला हात लावायला कुणी तयार होईना.

सावळीरामने पत्रा उचलला तेव्हा मी शेजारी होतो. आत लाकूड असं नव्हतंच. दाराच्या खांबाला त्याने बोट लावलं तर बोट आत गेलं आणि भुसा सांडला. वाळवीने सगळं खाल्लेलं, पत्रा नुसता सवयीने उभा होता.

"महाराज," तो म्हणाला, "ही गाडी नाय. हा नुस्ता मेकअप हाय."

मग सुरू झालं ते संपेना. एक खांब बदलावा तर त्याच्या खालची पट्टी हातात यायची. डावीकडचं लाकूड बरं असलं तर त्यावरून उजवीकडचं बेतायचं, दोन्हीकडचं गेलं असलं तर अंदाजाने. सागाची फळी तासून तो दमायचा आणि गोणपाटावर आडवा व्हायचा. मी फळीचं दुसरं टोक धरायला म्हणून जायचो आणि त्याच्याआधी दमायचो. एकदा पडल्या पडल्याच तो म्हणाला, "ही ऱ्हाईल. आपन जाऊ, ही ऱ्हाईल. घरच्यांना बसवून आननार हाय मी हिच्यात."

दसऱ्याला गाडी बाहेर निघाली. आतून टेलरने गुबगुबीत अस्तर लावलेलं, बाहेर झेंडूचा हार. हार कलाबाईनेच ओवलेला. गुरुजी चालवायला बसले, शेजारी सावळीराम, मागे मी आणि कलाबाई. कधी काळच्या माझ्या राजेपणाला शोभेल असा मी ताठ बसलो होतो. गंगापूर रोडला लागेपर्यंत कुईकुई असा बारीक आवाज येत होता. मग सगळी गाडीच कमरेतून डोलायला लागली. पुढे स्पीडब्रेकरवर कलाबाईच्या बाजूचं दार उघडलं आणि एका बिजागरीवर लोंबत राहिलं.

लागलं कुणालाच नाही. दार दोरीने बांधून आम्ही हळूहळू परत आलो. सावळीराम तिच्या बोलण्याची वाट बघत होता. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

शेडमध्ये त्याने अस्तर फाडलं. आत खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीचं डोकं अर्धं बोट बाहेर. टेलरला वाटलं असंच असतं, त्याने वरून कापूस भरला. इंजिनच्या थरथरीने त्या सैल झाल्या होत्या, एकदोन तर खाली पडल्या होत्या.

सावळीरामने खाली पडलेली एक खुंटी उचलली.

"मी ही मोडायसाठी बांधली," तो म्हणाला. "कुनी सांगितलं नव्हतं, महाराज. हातानं आपलं आपन केलं."

गुरुजी समजुतीने म्हणाले, आतून नटबोल्ट मारू, कुणाला दिसतंय. त्याने मान हलवली. खुंट्या सगळ्या काढून, खाचा साफ करून, सरस लावून नव्याने ठोकायला हव्या होत्या. मग चाकाला टेकून तो खाली बसला आणि म्हणाला, आता नाय व्हायचं. त्यानंतर तो शेडकडे फिरकलाच नाही.

दिवाळीचा बाजार उरकल्यावर एका सकाळी कलाबाई रिकामी पाटी घेऊन शेडमध्ये आली. मागून तो, हात मागे बांधून. तिने मोगरी उचलली.

"काढायचं काम मी करते," ती म्हणाली. "तुमचं मोडून झालंय लय. तुमी नुस्तं बसवा."

ती एकेक खुंटी ठोकून काढी आणि पाटीत टाकी. तो सरसात बुडवून नवी ठोकी आणि बाहेर राहिलेलं डोकं करवतीने लाकडाबरोबर कापून टाकी. मधेच हात थांबे. कापलेल्या जागेवरून तो अंगठा फिरवी, काही राहून गेल्यासारखा. दोघं दमली की चहा पीत, आणि दोघं सारखीच दमत. हे बरेच दिवस चाललं.

शेवटचं डोकं कापून झालं तेव्हा मी विचारलं, "आता कुणाला मोडायची झाली तर?"

"करवत आनावी लागंल," तो म्हणाला आणि मागच्या सीटवर जाऊन टेकला. इतक्या वर्षांत खेळ संपल्यावर सेटवर बसायला त्याला कधी मिळालं नव्हतं, खाली ट्रक वाट बघत असायचा. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

कलाबाईने दार लोटलं. ते एका आवाजात बसलं. तिने हाताने एकदा ओढून बघितलं, मग पाटी डोक्यावर घेतली.

"ह्या नेते मी," खुंट्यांकडे बोट करून ती मला म्हणाली. "पानी तापवायला व्हतील. यांना उठवू नका."