दही लागेना

तिसऱ्या दिवशीही व्हॅटमधलं, म्हणजे दही लावायच्या मोठ्या टाकीतलं, दूध दूधच राहिलं. विरजण घालून सहा तास झाले होते. सुकलालभाऊ लॅबच्या दारात आले.

"ताई, दही लागी नही ऱ्हायनं. मन्हीच चूक शे का?"

तळोद्याजवळच्या त्या डेअरीत मी लॅब सांभाळायचे. व्हॅट धुणं आणि विरजण घालणं हे सुकलालभाऊंचं काम. मॅनेजरसाहेबांनी त्यांनाच धरलं. व्हॅटमध्ये साबण राहिला असणार, यांना काढूनच टाकतो, म्हणाले. मी दोन दिवस मागून घेतले.

साबण सापडला नाही. जनावरांना टोचलेलं अँटिबायोटिक दुधात उतरलं तरी दही लागत नाही. तेही नव्हतं. उरला होता फाज.

फाज म्हणजे बॅक्टेरियाला होणारा व्हायरस. प्रोटीनचं डोकं, त्यात गच्च भरलेला डीएनए, खाली शेपटी. शेपटीनं तो विरजणातल्या बॅक्टेरियाला चिकटतो आणि डीएनए आत सोडतो. मग तो बॅक्टेरिया आपलं काम सोडून फाजच बनवत बसतो. तासाभरात फुटतो, आणि डझनांनी नवे फाज बाहेर पडतात. माणसाला अपाय नाही, पण विरजण संपतं.

फसलेलं दूध फाडून निघालेलं पाणी मी बॅक्टेरिया अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलं, हजारपट पातळ केलं आणि त्यातलं थेंबभर ताजं विरजण घातलेल्या दुधाच्या नळीत टाकलं. शेजारच्या नळीत नुसतं दूध-विरजण. साबण किंवा औषध इतकं पातळ केलं की निकामी होतं. फाज मात्र वाढत जातो. संध्याकाळी शेजारची नळी घट्ट झाली. थेंब टाकलेल्या नळीतलं दूध पाण्यासारखं हललं.

आला कुठून? चक्का निथळतो त्या खोलीत फाज साठतात. त्या आठवड्यात मी तिथून सॅम्पल घेऊन थेट विरजणाच्या खोलीत जात होते. ॲप्रन तोच. त्याची बाही पाण्यात बुडवून त्या पाण्याची तीच टेस्ट लावली. रात्रभर झोप नाही. सकाळी त्याही नळीत दही नव्हतं.

ॲप्रन धुऊन टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. तो विचार आला, हे कबूल करते. नळ्या घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, सुकलालभाऊंचं काही चुकलं नाही. मीच आणलंय."

साहेबांनी नळ्या उजेडात धरून हलवून पाहिल्या. मग सुकलालभाऊंना बोलवून तुमचं काम चालू ठेवा म्हणाले, आणि मला मेमो दिला.

प्लँट चार दिवस बंद ठेवून क्लोरिननं धुतला. त्या फाजला चिकटता येणार नाही असं दुसऱ्या जातीचं विरजण मागवलं. पाचव्या दिवशी दही लागलं.

तेव्हापासून काही बिघडलं आणि स्वॅब, म्हणजे पुसून नमुना, घ्यायचा झाला तर पहिला स्वतःच्या कपड्यांचा घेते. दुसऱ्याचं नाव त्यानंतर.