डाव्या हाताची भाकरी

साताऱ्यात एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीत मी वीस-बावीस वर्षं बातम्या लिहिल्या. मग ती कचेरी बंद झाली. निरोपाला शाल-श्रीफळ मिळालं. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी केली आणि महिन्याभरात एक वापरलेला कॅमेरा घेतला. ज्यांना पेपरात चार ओळी मिळायच्या, त्यांना तासभर बोलू द्यावं, एवढाच विचार होता. सांगलीत लग्नाचे व्हिडिओ जोडणारा एक जण भेटला. लग्नसराई संपली की तो माझे माहितीपट जोडून द्यायचा. वीटभट्टीवरची माणसं, पोलीस कोठडीत जीव गेलेला एक मुलगा, गटारात उतरणारे. असे सहा केले.

सातवा म्हसवडच्या पुढच्या एका गावाचा. तिथल्या बौद्ध वस्तीनं जयंतीची मिरवणूक वेशीतून मुख्य रस्त्यानं नेली, आणि त्या आठवड्यापासून गावानं वस्तीशी व्यवहार तोडला. गिरणी दळण घेईना, दुकान सामान देईना, वडापची जीप थांबेना. वस्तीतल्या बाया दळणाचा डबा डोक्यावर घेऊन म्हसवडपर्यंत चालत जात. तक्रार झाली, चौकशी आली. गाव एकसुरात म्हणालं, असं काही नाहीच. गिरणीचा पट्टा तुटलाय, एवढंच.

वस्तीतले सगळे माझ्याशी बोलले. पण ते सांगणारच, असं म्हणून त्यांचं सांगणं बाजूला पडत होतं. मला गावातलं कोणीतरी हवं होतं. चार महिने कोणी मिळालं नाही. मग लोणंदहून एका बाईचा फोन आला. तिची धाकटी बहीण त्या गावात दिली होती, चांगल्या बागायतदाराच्या घरात, नवरा फौजेतून निवृत्त. बहीण नागपंचमीला माहेरी आली होती आणि तिला काही सांगायचं होतं.

सणाच्या दिवशी तवा ठेवत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले. ती चुलीपुढं बसली होती. तिनं एकच अट घातली. तोंड दिसायचं नाही, आवाज ओळखू यायचा नाही.

"बैठक आमच्याच सोप्यात झाली," ती म्हणाली. "मीच च्या दिला समद्यास्नी. गिरणीवाला नगं म्हणत हुता. त्याला दम दिला. मी कप उचलत हुते, समदं ऐकलं."

बोलता बोलता ती भाकऱ्या थापत होती. कॅमेरा मी तिच्या हातांवर ठेवला. तोंड दाखवायचं नसलं की हात घ्यायचे, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. तिनं एकदा थांबून विचारलं, "ताई, हात दिसत्यात का वं?"

"हातावरून कोण ओळखतंय?" मी म्हणाले.

तिनं पुढची भाकरी घेतली.

तिचं बोलणं मी सांगलीच्या एका बाईकडून पुन्हा म्हणून घेतलं. ते सात मिनिटांचं दृश्य माझ्या आजवरच्या कामातलं सर्वांत चांगलं होतं. म्हणूनच त्यातली तीन मिनिटं मी आधी फोनवर पाठवायला काढली. ती फिरली. चौकशीचा अधिकारी पुन्हा गावात आला, आणि पट्ट्याची गोष्ट सांगताना गाव पहिल्यांदाच अडखळलं. वस्तीत त्या दिवशी मला लाडू मिळाला.

त्याच आठवड्यात लोणंदहून फोन. बहिणीला आणून सोडलं होतं.

ती डावखुरी होती. लग्न होऊन गेली तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी आळीतल्या बायकांना बोलावून दाखवलं होतं, बघा आमची सून, डाव्या हातानं थापती. जत्रेला, लग्नाला दहा चुली पेटल्या की त्यात ही एकटी उलट्या बाजूनं बसायची. सगळं गाव तिचे हात ओळखत होतं. तिच्या जावेनं तीन मिनिटांतले दहा सेकंदही पुरते पाहिले नसतील, तोवर ओळखलं.

मी तिच्यासमोर तासभर बसले होते, नंतर ते दृश्य पन्नास वेळा पाहिलं, आणि मला तो डावा हात दिसला नाही. मी भाकरी करत नाही. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणते.

सांगलीच्या जोडणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, आधी बोलायचं की. चित्र उलटं करायला एक बटण लागतं. डावा हात उजवा झाला असता."

लोणंदला गेले तेव्हा ती एका वखारीत कांदा निवडत होती. मोठी बहीण शेजारीच होती. मला बघून म्हणाली, "आल्या बगा पिच्चरवाल्या. आता कांद्याचा पिच्चर काढा. हितं रडायला बी सोपं जातं."

धाकटी हसली. हात थांबला नाही.

"मारलं का त्यांनी?" मी विचारलं.

"न्हाई वं. फौजी माणूस. गाडी काढली, बस म्हणला. हितं दारात उतारली आन् गाडी वळवली. दोगी पोरी तिकडंच हायत."

मी म्हणाले, दृश्य काढून टाकते. ती म्हणाली, "आता काढून काय करताय?" मग तिला काय हवंय ते तिनं सांगितलं. सासरकडून निरोप आला होता. ती बाई आमची सून नव्हे, असं माहितीपटवालीनं लिहून दिलं तर तिला परत घेतील. गावातही त्यांचा मान राहील.

"तुमी लिवून द्या ताई. ते हात माजं न्हाईत. भाड्यानं बाई आणली हुती म्हना. आवाज तर आणलाच हुता की तुमी."

बरोबर होतं. आवाज आणलाच होता.

तसं लिहून दिलं की सगळा माहितीपट बनावट ठरणार, हे सांगायला मी वस्तीत गेले. तिथले निवृत्त शिक्षक तक्रारीचे सगळे कागद सांभाळत. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"विचारायला आलाय का सांगायला?"

"विचारायला, सर."

"मग नका देऊ म्हणतो मी. न देता राहाल का?"

"तिच्या दोन पोरी तिकडंच आहेत, सर."

"बघा. म्हणजे सांगायलाच आलाय." ते उठले. "त्या बाईच्या पोरी ल्हान हायत, मला ठावं हाय. आमच्यातल्या पोरी बी दळण घिऊन चालत्यात. च्या घिऊन जावा. दूध आज म्हसवडवनं आणलंय."

चहा घेतला. परतीच्या एसटीत मी मजकूर मनात तयार केला. बातमी लिहायची सवय होती, चार वाक्यांत बसला. चित्रीकरणातील स्त्री त्या गावातील नसून मोबदला देऊन आणलेली होती. सही केली, मुद्रांकावर नोंदवून घेतलं, दोन प्रती तिच्या सासरी दिल्या.

अधिकाऱ्यानं तो कागद जोडून चौकशी बंद केली. एका महोत्सवानं निवडलेला माहितीपट परत पाठवला, सोबत फसवणूक हा शब्द होता. मी उत्तर दिलं नाही. शिक्षकांनी नंतर माझा फोन उचलला नाही. गिरणी वस्तीचं दळण आजही घेत नाही. सांगलीचा जोडणारा आता पुन्हा फक्त लग्नं करतो. मी भाषांतरं करते.

ती सासरी गेली. नवराच येऊन घेऊन गेला, त्याच गाडीवरून. तिच्याकडे आता फोन नाही. यंदाच्या पंचमीनंतर मी लोणंदला मोठ्या बहिणीला फोन केला. बहीण आली होती का, विचारलं.

"न्हाई पाठवली. मीच जाऊन आले."

"पोरी कशा आहेत?"

"बऱ्या हायत. आईला सोडंनात."

"आणि ती?"

"हाय की. सासूनं सांगितलंय, गावात कुणी डावा हात बघायला नगं, आता उजव्या हातानं थापायचं. कुणी आलं की दावायला बोलवत्यात. बसती मग चुलीपुढं. भाकरीची कड फाटती अजून. पर जमंल म्हनती."