झेंडूच्या मागचा माणूस

मोठ्या जावेच्या वास्तुशांतीला मी भिंतीवर लावायची एक गोल फळी हातानं करून नेली, आणि त्या दिवसापासून कोणी हिंगोलीचं नाव काढलं तरी मला तोंड लपवावंसं वाटतं.

जावेला मी बाई म्हणते. आमच्यात कित्येक दिवस अबोला होता. चूल वेगळी झाली तेव्हा पाटा-वरवंटा कोणी न्यायचा यावरून. हसू नका, घरोघरी याहून बारीक गोष्टींवरून भांडणं होतात. आणि बाईंनीच आधी फोन केला, "हिंगोलीत घर बांधलं गं, ये." मला रडूच आलं. म्हटलं, विकतचं घड्याळ न्यायचं न्हाई, हातचंच काहीतरी न्यायचं. तुटलेलं सांधायची एवढीच संधी होती.

मोबाईलवर बघून बघून मी कागद डकवायचं काम शिकलेय, डेकूपाज म्हणतात त्याला. चित्र कापायचं, लाकडावर गमनं चिकटवायचं, वरून व्हार्निश मारायचं, की हातानं रंगवल्यासारखं दिसतं. घरातला ट्रे, डबे, काही म्हणून माझ्या तावडीतून सुटलं न्हाई. नवरा म्हणतो, "जास्त वेळ बसलो तर मलाबी डकवशील."

व्हिडिओतल्या बाया फुलाफुलांचे पातळ नॅपकिन वापरतात. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात कुठले आलेत तसले नॅपकिन! मी पेपरातल्या दसऱ्याच्या जाहिरातीतला झेंडूंनी गच्च भरलेला गोल हार अख्खाच कापला. गल्लीतल्या मिस्त्रीचाचांनी प्लायवूड गोल करून दिलं, त्याला पांढरा रंग दिला, आणि मान मोडेस्तोवर बसून तो हार डकवला. गम ओला होता तेव्हा फुलांखाली काळपट काहीतरी दिसलं होतं. वाळल्यावर गेलं. मी म्हटलं, झालं.

व्हार्निश मारलं ते आदल्या संध्याकाळी, लाईट गेलेली असताना, चाचपडत. धूळ बसू नये म्हणून वर टोपलं पालथं घातलं. सकाळी जीपची घाई. न बघताच टॉवेलात गुंडाळलं आणि निघाले. व्हार्निशनं पेपरच्या कागदातून आरपार दिसायला लागतं आणि मग तसंच राहतं, हे त्या मोबाईलवाल्या बायांपैकी एकीनंही सांगितलं नव्हतं.

बाईंनी कौतुकाच्या भरात टॉवेल सोडला आणि फळी दारासमोरच्या भिंतीवर लावली. "बघा, माझ्या धाकल्या जावंनं हातानं केलं." सगळ्या बाया वळल्या. आमच्या चुलतसासूबाईंनी चष्मा वर सरकवला.

"अगं माय! फुलातून कोन बघून राहिला ह्यो?"

झेंडूंच्या आतून एक मिशीवाले आजोबा बघत होते. डोक्यावर टोपी, भोवती काळी चौकट, खाली श्रद्धांजलीच्या ओळी. जाहिरातीच्या पाठीमागचं पान! अक्षरं उलटी होती, पण ती काय वाचावी लागतात होय? नव्या घरात होम पेटलेला, आणि मी भिंतीवर मेलेल्या माणसाचा फोटो टांगला होता, तोही हार घालून.

"जाणून केलं का काय?" मागून कोणीतरी म्हणालं. माझे कान तापले. तिथल्या तिथं गाडून घ्यावंसं वाटलं.

बाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "बाई, शप्पथ, मी मागचं पान बघितलंच न्हाई," मी म्हटलं.

"मी इचारलं का तुला? डोळे पूस, अन् बुंदीचं पातेलं घे. लोकं खोळंबलेत." मग बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना ठणकावलं, "पेपरचा कागद हाय, उमटला. त्यात काय? चला, पंगतीला बसा." फळी उतरवून त्यांनी धुतलेल्या कापडात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. कोणाचं तरी म्हातारं माणूस हाय म्हणाल्या, फेकायचं न्हाई.

मी बुंदी वाढत होते आणि मनात एकच चाललं होतं. हीच फळी बाईंनी माझ्या घरी आणली असती तर? मी विचारलंसुद्धा नसतं. करणी केली म्हणून गावभर बोंबलले असते, उंबऱ्यावर लिंबं कापली असती आणि मरेपर्यंत त्यांचं तोंड बघितलं नसतं. मी कशी आहे ते मला बराबर ठाऊक आहे. बाईंनाही ठाऊक आहे, आणि तरी त्यांनी मला काही विचारलं न्हाई.

निघताना त्या म्हणाल्या, "दुसरी करून आण."

दुसरी केली. मागून कोऱ्या असलेल्या जाड कागदावरची कमळं लावली. व्हार्निश भर उन्हात मारलं आणि पाच जणींना दाखवून घेतलं. मधूनमधून बाईंचा फोन येतो, "काहून येऊन न्हाई राहिली गं?" मी म्हणते, व्हार्निश ओलं आहे अजून. वाळून ते कधीच खडखडीत झालंय. पलीकडून बाई म्हणतात, "बरं, वाळू दे सावकाश."