बुझुकीवरची हळद

मंडळी, आज खंडेनवमीच्या दिवशी मी आईवर ओरडलो.

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बाल्कनीत मी आणि ऑफिसमधला शॉन दर शुक्रवारी आयरिश बुझुकी बनवत होतो. मेंडोलिनसारखंच, पण लांब मानेचं वाद्य. त्याच्या गावाकडच्या गाण्यांना लागतं. या मंदीत शॉनची नोकरी गेली. उद्या तो कायमचा परत चाललाय. फक्त व्हार्निश राहिलं होतं.

दुपारी बघतो तर कोऱ्या लाकडावर हळदीकुंकवाची बोटं! आईने मिक्सर आणि लॅपटॉपसोबत बुझुकीचीही पूजा केली होती.

"आई, डाग पडला ना! विचारायचंस तरी!"

ती कुंकवाचा करंडा उचलून आत गेली. मी पॉलिशपेपरने सगळं घासून काढलं.

संध्याकाळी शॉन आला, लाकडावरून हात फिरवला. "व्हेअर इज आई'ज मार्क?"

तेव्हा कळलं, सकाळी मी झेंडू आणायला गेलो असताना तो येऊन गेला होता. पूजा बघून त्यानेच खुणेने आईला सांगितलं होतं, यालाही लावा.

मी कुंकवाचा करंडा आईसमोर धरला. "परत लाव ना."

"नको रे," आई म्हणाली. "डाग पडेल."