उशिराची विमानं आणि माईंचं फडताळ

तक्रारींच्या खात्यात नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपणहून येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि आवाज चढवतात.

पन्नासच्या दशकात मी मुंबईत एका विमान कंपनीत टायपिस्ट होते. राहायला ठाण्याला, आईबरोबर. विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झालं की लोक भरपाई मागायचे, आणि ती का मिळणार नाही हे आमचं खातं गोड शब्दांत कळवायचं. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असे. तिकिटाचा परतावा, चहा, जेवण, फार तर हॉटेलात मुक्काम. बाकी हात वर.

आमचे हेडक्लार्क अण्णा डोंबिवलीचे. आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. तावातावाने आलेल्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "आधी बसा. पाणी घ्या. मग भांडू." निम्मी भांडणं त्या पाण्यातच विरघळायची.

ठाणे-कल्याणकडचा माणूस तर कचेरीत येतच नसे. रविवारी सरळ अण्णांच्या ओटीवर. मीही बहुतेक रविवारी तिथेच, कारण अण्णांची एकुलती एक लेक विमल माझी मैत्रीण होती. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा नैरोबीला नोकरीवर हजर झाला होता आणि हिचं विमानाचं तिकीट तिकडून यायचं होतं. पोस्टमन गल्लीत दिसला की अण्णा दार लोटून घ्यायचे.

* * *

एकदा कल्याणचे एक वकील आले. नागपूरहून यायचं विमान रद्द झालं आणि त्यांची तारीख चुकली.

"माझं फार मोठं नुकसान झालंय," ते गरजले.

"आधी बसा. पाणी घ्या," अण्णा म्हणाले. "निकाल विरुद्ध गेला का?"

"निकाल कसला? समोरचा वकीलही त्याच विमानाने येणार होता. तोही नागपुरातच अडकला."

"मग?"

"मग काय! दोघे पक्षकार सख्खे भाऊ. कोर्टाच्या बाहेर आमची वाट बघत बसले. एकाने चहा मागवला, दुसऱ्याने भजी. आणि वर्षानुवर्षं चाललेला दावा त्यांनी तिथल्या तिथे मिटवला."

अण्णांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "वकीलसाहेब, त्या दोघांची काही तक्रार आहे का?"

वकिलांनी पाणी संपवलं आणि ते स्वतःच हसायला लागले.

* * *

माजिवड्याचे एक म्हातारे मिठागरवाले होते, धर्माजी. त्यांचा धाकटा मुलगा एडनला नोकरीसाठी निघाला, तेव्हा अर्धं गाव ट्रकात बसून सांताक्रूझला पोचवायला गेलं. हार, नारळ, ढोलसुद्धा. विमान सकाळचं होतं, ते सुटलं दुपार टळल्यावर. कंपनीने नियमाप्रमाणे मुलाला जेवण दिलं. बाकीचे उपाशी.

धर्माजी ओटीवर येऊन बसले. "साएब, पोरगा एकलाच इमानान बसला, ह्यो खरा. पन वाट तं आमी सगल्यांनीच बगली ना?"

"खरंय तुमचं," अण्णा म्हणाले. "पण कंपनी फक्त तिकीटवाल्याला जेवण देते."

धर्माजी म्हणाले, "मंग तुमच्या कंपनीची लयच गरिबी दिसते. आसा करा, तुमीच आमच्याकरं जेवाला या."

आणि पुढच्या रविवारी आमचं अख्खं खातं माजिवड्याला पंगतीला बसलं. तांदळाची भाकरी, सुकट, आणि अण्णांसाठी मुद्दाम वेगळ्या भांड्यात शिजवलेलं वालाचं बिरडं. धर्माजी मुलाच्या आठवणीने मधूनच डोळे पुसत होते आणि पुन्हा आग्रह करत होते.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "ते माजिवड्याचं प्रकरण मिटलं? भरपाई किती द्यावी लागली?"

"आपण नाही दिली साहेब," अण्णा म्हणाले. "त्यांनीच आपल्याला दिली. पोटभर."

* * *

आता प्रस्थानाचं सांगते. आंबिवलीचे एक मास्तर दिल्लीला मोठ्या जागेसाठी मुलाखतीला निघाले होते. निघायचा मुहूर्त काढलेला, आणि आदल्या दिवशी निरोप आला की विमान दोन दिवस पुढे गेलं.

"पैसे नकोत मला," ते अण्णांना म्हणाले. "माझा मुहूर्त गेला. तेवढा भरून द्या."

अण्णांनी तिकीट उलटून पाहिलं. तिकिटाच्या मागे मुहूर्ताबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात आतून माईंचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा आवाज आला. "अहो, त्यांना म्हणावं प्रस्थान ठेवा आमच्याकडे."

मास्तरांचा चेहरा उजळला. रुमालात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून त्यांनी ती पुरचुंडी मुहूर्तावर माईंच्या फडताळात ठेवली. सामान परक्या घरी गेलं म्हणजे माणूस निघालाच, मग तो घरी बसून चार दिवसांनी का जाईना. मास्तर दोन दिवसांनी पुरचुंडी घेऊन गेले आणि नोकरी घेऊन आले.

झालं! ही बातमी कल्याणपर्यंत पसरली. विमान पुढे ढकललं गेलं की लोक पुरचुंडी घेऊन अण्णांकडे हजर. घोटाळा नको म्हणून अण्णा प्रत्येक पुरचुंडीला कंपनीचं सामानाचं लेबल बांधायचे.

एकदा साहेब चहाला आले आणि त्यांची नजर फडताळावर गेली. "हे काय? बेवारस सामान?"

"नाही साहेब," माई म्हणाल्या. "हे सगळे प्रवासाला निघालेत."

पण माईंचा एक नियम कडक होता. निघण्याआधी कळलं तर पुरचुंडी चालेल. एकदा माणूस स्वतः उंबरा ओलांडून निघाला की मात्र काम झाल्याशिवाय परत घरात यायचं नाही. "प्रस्थान मोडतं," त्या म्हणायच्या. अण्णाही लोकांना हे अगदी ठासून सांगायचे.

* * *

शेवटी विमलचं तिकीट आलं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं सांताक्रूझला पोचलो. निघताना माईंनी विमलच्या हातावर दही घालून तिला उंबरा ओलांडायला लावला होता. काउंटरवर पोचतो तर निरोप, इंजिनात बिघाड, विमान उद्या सकाळी.

अण्णांसारखा खूश झालेला पॅसेंजर त्या काउंटरने कधी पाहिला नसेल. "असं होतं हो कधी कधी," म्हणत त्यांनी उलट काउंटरवाल्याचीच समजूत घातली. त्याने हॉटेलचं विचारलं, तर म्हणाले, "हॉटेल कशाला? घर आहे की आपलं. चल विमल."

"घरी नाही यायचं," माई म्हणाल्या. "निघाली ती."

"अगं, ते सगळं जुनं झालं आता."

"लोकांना सांगताना जुनं नव्हतं वाटतं?"

 माई काही हटल्या नाहीत. लेकीचं पहिलंच जाणं, त्यात खोट नको होती त्यांना. अखेर मी विमलला ठाण्याला आमच्याकडे नेलं आणि ती दोघं डोंबिवलीला गेली. अण्णांनी वळून इतक्या वेळा पाहिलं की मलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी दार वाजलं. दारात अण्णा, काखेत गोधडीची वळकटी. मागे माई, हातात डबा. डब्यात विमलच्या आवडीची भरली वांगी.

"तिने घरी यायचं नाही एवढंच आहे," माई म्हणाल्या. "घराने तिच्याकडे जायला कुठे ना आहे?"

आमच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी पंगत बसली. जेवण झाल्यावर विमल माईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि अण्णा जवळ बसून उगाच सुपारी कातरत राहिले. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला त्या तिघांचा हेवा वाटला, आणि ती आमच्या घरी आहेत याचं फार बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा सगळ्यांच्या आधी काउंटरवर. "आज काही अडचण?"

"नाही अण्णा. सगळं ठीक आहे."

"इंजिन नीट बघितलंत ना?"

"बघितलं."

"आणि हवा?"

"स्वच्छ आहे."

विमल पाया पडली, माईंच्या गळ्यात पडली आणि गेली. विमान धावलं, उठलं, लहान होत दिसेनासं झालं. माई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. अण्णांनी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा आकाशाकडे पाहिलं.

"सुमती," ते मला म्हणाले, "विमान अगदी वेळेवर सुटलं गं. याची तक्रार कुठे करायची?"

मी शेजारची खुर्ची ओढली.

"आधी बसा, अण्णा. पाणी घ्या. मग भांडू."